उतारशाळेवाला
(लेखांक १४)

या आठवड्यात लक्ष्मीबाई टिळकांच्या राहुरीच्या घरात शिरायचं ठरलं होतं. ते राहू द्या. खांडबाऱ्याहून एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलंय आणि त्याने माझी झोप घालवली आहे. ते लिहितात, "शोमरोन्याचं कौतुक पटलं. पण त्या उतारशाळेवाल्याने दोन दिनार मोजून घेतले की नाही? मग त्याची दया कसली? त्याने धंदा केला. आपल्या मिशन दवाखान्यांचंही तेच. नाव दयेचं आणि हातात बिलबुक."

गुरुजी, येशूच्या दाखल्यात वाटमाऱ्यांनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला शोमरोन्याने ज्याच्याकडे आणलं, तो हा उतारशाळेवाला माझा फार जुना लाडका माणूस आहे. त्याच्यावर प्रवचन झालेलं मी कधी ऐकलं नाही. जखमीला बघून पुढे निघून गेलेल्या याजक आणि लेवी यांना आपण दर वर्षी झोडपतो, शोमरोन्याला हार घालतो आणि हा गडी कोपऱ्यात तसाच उभा राहतो. म्हणून हा लेखांक त्याचा.

आधी त्या दाखल्यातली यरुशलेमहून यरीहोला उतरणारी वाट बघा. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. मधलं अंतर जेमतेम २५-३० किलोमीटर आणि उतार हजार मीटरचा. धुळ्याहून सुरतेकडे जाताना कोंडाईबारी घाट उतरणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. रात्री मालाने भरलेले ट्रक आणि सुरतच्या खासगी बसगाड्या एकामागोमाग उतरत असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये अशीच एक बस भल्या पहाटे या घाटात पुलावरून खाली गेली. पाच जण दगावले, तीसहून अधिक जखमी झाले. आपल्याकडे वाटमारे नसले तरी वाटेत अर्धमेला पडलेला माणूस आहेच.

आता लूकच्या दहाव्या अध्यायातला हिशेब नीट वाचा. शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. म्हणजे त्या काळचे प्रथमोपचार पुरे केले. द्राक्षारस जखम धुवायला, तेल आग शमवायला. मग स्वतःच्या जनावरावर घालून त्याला आणलं आणि ती रात्र तो स्वतः त्याच्यापाशी राहिला. हे आपण विसरतो. पैसे त्याने काढले ते दुसऱ्या दिवशी, निघताना. दोन दिनार. मत्तयाच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार आहे, म्हणजे ही दोन दिवसांची मजुरी. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. तेव्हा रक्कम झाली सहाशे चोवीस.

सहाशे चोवीस रुपयांत गुरुजी, ठेचून निघालेला माणूस किती दिवस सांभाळाल? आणि वर काय, तर जास्त खर्च होईल तो परत येताना देईन, असा तोंडी वायदा. तोही कोणाचा? ज्याच्या हातचं पाणी यहुदी पीत नव्हते अशा परप्रांतीयाचा. त्या काळात सरायांची अब्रूही फार मोठी नव्हती. अशा धंद्यातल्या माणसाने बेशुद्ध, नाव-गाव नसलेला, कदाचित उद्या मरेल असा पाहुणा आत घेतला आणि खातं उघडं ठेवलं. त्याने पुढे काय केलं ते प्रभू सांगत नाहीत. मला वाटतं, कथेतलं सगळ्यात कंटाळवाणं काम त्याच्या वाट्याला आलं, म्हणून ते सांगितलेलं नाही. पट्ट्या बदलणं, पेज भरवणं, मलमूत्र काढणं. त्यात घोड्यावरून येण्याची शान नाही.

आणि पैसे घेऊन केलेली सेवा म्हणजे दया नव्हे, हे कुठून आलं? परिचारिका पगार घेते. रात्री तीन वाजता रुग्णाची कूस बदलताना ती पगारासाठी बदलते की प्रेमाने, हे तिलाही नेमकं सांगता येणार नाही. देवाला सांगता येईल, पण तो विचारत बसत असेल असं मला वाटत नाही.

चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय त्याच धुळे-सुरत महामार्गावरचं. १९४२ पासूनचं, तेव्हा हा सगळा पश्चिम खानदेश होता, नंदुरबार जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावं लागलं. सुरू करणारं मिशन स्कँडिनेव्हियन अलायन्स, फ्रेडरिक फ्रॅन्सन नावाच्या स्वीडिश माणसाने १८९० साली अमेरिकेत उभं केलेलं. पुढे परदेशी हात मागे सरले आणि रुग्णालय इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय संस्थेकडे गेलं. बाहेरून येणारा पैसा आटला की औषधं, पगार, वीज हे सगळं बिलातूनच निघतं. मिशनची रुग्णालयं पैसे का घेतात, याचं उत्तर एवढंच साधं आहे. ज्याला परवडतं त्याने भरायचं, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याचं सोडता येतं. सगळ्यांना फुकट म्हणणारा दवाखाना वर्षभरात कुलूप लावतो, आणि मग फुकटही कोणाला मिळत नाही. बिलबुक हातात धरणाऱ्या कारकुनाची परीक्षा बिल फाडण्यात नसते. ते कोणासाठी अर्ध्यावर फाडायचं, इथे ती असते.

कायद्यानेही हळूहळू शोमरोन्याकडून उतारशाळेवाल्यापर्यंत मजल मारली आहे, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने जखमीला उचलणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं: मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई नाही, नाव सांगायची सक्ती नाही. ऑक्टोबर २०२१ पासून पाच हजारांचं बक्षीस, आता 'राहवीर' नावाने पंचवीस हजार. इतकी वर्षं लक्ष होतं ते उचलणाऱ्याकडे. मग मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोख न भरता उपचारांची योजना आली: सात दिवस, दीड लाखापर्यंत. दोन दिनार शेवटी सरकारने काढले म्हणायचे.

पण मांडीचं हाड सात दिवसांत जुळत नाही. ऊसतोडीला गुजरातेत गेलेला नवापूर तालुक्यातला गडी रॉड टाकून घरी आला, तर पुढचे तीन महिने तो कुबड्यांवर. आठव्या दिवसापासून शेळ्या कोण चारणार, भाताचं काय, मुलांचं काय? इथे मंडळीतल्या बाया पाळी लावून डबा पोचवतात, कोणी पाणी भरतो, कोणी दुचाकीवर बसवून टाके काढायला नेतो. हे ख्रिस्ती लोकांनी बाहेरून आणलेलं नाही, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. एकमेकांच्या शेतात पाळीपाळीने राबण्याची रीत भिलांत मिशनऱ्यांच्या कितीतरी आधीची. सातपुड्याच्या बाजूला तिला लाह म्हणतात. काम करणाऱ्याला मजुरी नाही, जेवण आणि उद्या तुझ्या शेतात मी. शुभवर्तमान इथे आलं तेव्हा उतारशाळा बांधलेली होती.

हद्दीचाही एक मुद्दा राहतो. नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिथलं दोन राज्यांतलं बाकडं फोटो काढणाऱ्यांना फार आवडतं. जखमीला मात्र त्याचं कौतुक नसतं. अपघात अलीकडे झाला की पलीकडे, कागद कोणत्या ठाण्याचा, यात वेळ जातो. शोमरोन्याची कथाही मुळात हद्दीचीच आहे, आणि आपल्या भागातून रोज रात्री तिकडे-इकडे जाणाऱ्या मजुरांच्या टेम्पोंवर यातूनच एक पूर्ण लेखांक होईल.

गुरुजी, तुमच्या पत्रातला दुसरा प्रश्न, मंडळीने आजारी सभासदाला दिलेली रक्कम वहीत देणगी लिहावी की उसनवार, तो मी टाळलेला नाही. त्याला टिळकांच्या घराचाच हिशेब लागतो, कारण त्या घरात कोणती रक्कम कोणाची हे कधीच नीट कळत नसे. पुढच्या आठवड्यात राहुरी. मध्ये दुसरं पत्र आलं नाही तर.