विकलेला माल परत मागवण्याची वेळ येते तेव्हा

मोटारगाडीत लहान मुलाला बसवण्यासाठी पट्टे असलेली वेगळी खुर्ची मिळते. बाजारात तिला कार सीट म्हणतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १९४-ब हे कलम आले. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा अशी खुर्ची न लावता नेल्यास १,००० रुपये दंड आहे. गाडीच्या सामानाची किंवा मुलांच्या वस्तूंची दुकाने असलेल्या आपल्या बांधवांकडे हा मालही असतो. ऐब लपवून माल विकू नये, हे त्यांना नव्याने सांगायला नको. पण ऐब विक्रीनंतर सहा महिन्यांनी उघडकीस आला तर?

अमेरिकेत ग्रॅको कंपनीवर हीच वेळ आली. मुलाच्या छातीवरचे पट्टे अडकवणारे बकल अडकून बसते, उघडता उघडत नाही, अशा तक्रारी आल्या. कारण साधे होते. खाऊचा चुरा आणि दुधा-सरबताचे थेंब आत जाऊन सुकत. (मूल म्हटले की खाऊ सांडणारच, हे कंपनीने आधीच धरायला हवे होते.) अपघात होऊन गाडीने पेट घेतला तर अडकलेले बकल म्हणजे जिवाशी गाठ. २०१४ च्या फेब्रुवारीत कंपनीने सुमारे ३७ लाख खुर्च्यांबाबत रिकॉल, म्हणजे दोषदुरुस्तीसाठी माल मागे घेत असल्याची सूचना काढली. जुलैपर्यंत आकडा ६१ लाखांवर गेला. ग्राहकाला नवे बकल फुकट मिळणार होते. दोष वेळेत कळवला नाही म्हणून २०१५ साली कंपनीवर १ कोटी डॉलरची कारवाई झाली. त्यातले ३० लाख सरकारला द्यायचे होते आणि ७० लाख मुलांच्या सुरक्षेच्या कामांवर खर्च करायचे होते. त्या कामांत ग्राहकांची नोंदणी वाढवणे हेही एक होते.

व्यापाऱ्याने लक्ष द्यावे ते या नोंदणीकडे. तिकडे १९९३ पासून प्रत्येक नव्या खुर्चीसोबत टपालखर्च भरलेले एक कार्ड द्यावे लागते. मॉडेल व तारीख त्यावर आधीच छापलेली असते. ग्राहकाने फक्त नाव-पत्ता लिहून ते टपालात टाकायचे. कंपनीला ही नोंद किमान सहा वर्षे ठेवावी लागते. ज्याने कार्ड टाकलेच नाही, त्याच्या घरी पत्र जाणार कुठून?

आपल्याकडे हे काम दुकानदाराच्या वहीनेच करायचे आहे. 'कार सीट, १ नग' एवढ्या बिलाचा काही उपयोग नाही. खुर्चीवरच्या लेबलातील मॉडेल नंबर, उत्पादनाची तारीख आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर उतरवायला दोन मिनिटे लागतात. कंपनीचे पत्र आले की शिल्लक माल त्याच दिवशी वेगळा काढून चिठ्ठी लावावी. सवलतीत काढून टाकण्याचा मोह नको. मग वही पाहून फोन करावेत. सुटा भाग येईपर्यंत खुर्ची वापरावी की नाही, हे सूचनेत असेल तेच सांगावे, पदरचे नको.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ८६ वे कलम प्रत्येक विक्रेत्याने वाचून घ्यावे. कंपनीने दिलेला इशारा किंवा सूचना पुढे पोचवली नाही आणि इजा झाली, तर विक्रेताही जबाबदार धरला जाऊ शकतो. बनवणारा कोण हे कळत नसेल, तरीही दावा विक्रेत्यावर येतो. म्हणूनच नाव-पत्ता नसलेल्या खोक्यातला स्वस्त आयात माल शेवटी महाग पडतो.

हेच कलम मालात फेरफार करणाऱ्यालाही लागू होते. इथे सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिरांशी दोन शब्द बोलायचे आहेत. हात कितीही सफाईदार असो, या खुर्चीचा पट्टा कापून जोडू नये, जाड फोम घालू नये. धक्क्याचा सगळा भार त्या पट्ट्यावर आणि त्याच्या मूळच्या शिलाईवर येतो. घरी घातलेली शिलाई तो भार पेलेल की नाही, हे डोळ्यांनी पाहून कळत नाही. पट्टा उसवलेली खुर्ची कोणी घेऊन आला तर त्याला कंपनीचा पत्ता द्यावा.

कंपनीने मोडीत काढायला सांगितलेली खुर्ची भंगारात द्यायची झाली, तर आधी तिचे सगळे पट्टे कापावेत आणि पाठीवर न पुसणाऱ्या शाईने 'निकामी' लिहावे. नाहीतर धुऊन-पुसून तीच खुर्ची जुन्या बाजारात पुन्हा विकायला उभी राहते.