जास्वंदीवरचा चिकटा

पोळा झाला, पाऊस उघडला की आमच्या धनज गावातल्या अंगणांत जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळायला लागतात. शेंड्याची पानं आकसतात, देठाच्या बेचक्यात पांढरं पीठ साचतं. कृषी खात्याच्या पत्रकात याला पिठ्या ढेकूण म्हणतात, आम्ही चिकटा म्हणतो.

हा येतो वावरातून. कपाशी, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या, त्यामुळे पऱ्हाटीवरची कीड जास्वंदीवर सहज बसते. वाऱ्यानं येते, आपल्या कपड्यांना चिकटून येते, चुलीसाठी कुंपणाशी रचलेल्या पऱ्हाट्यांतूनही येते. तो ढीग फुलझाडांपासून लांब हलवा, हे मी प्रत्येकीला सांगते.

आणि घरात पंप आहे, औषध उरलंय, म्हणून तेच जास्वंदीवर मारू नका. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेच विष आपण देवाच्या फुलावर, लेकरं खेळतात त्या अंगणात का आणायचं?

आधी झाडाजवळ बसून नीट पाहा. पांढऱ्या पिठात मध्येच तपकिरी, कडक, फुगीर दाणे दिसतात. काहींना एका टोकाला गोल भोक असतं. तो मेलेला चिकटा. मुंगीहूनही लहान अशी एक गांधीलमाशीच्या जातीची माशी त्याच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि नवी माशी भोक पाडून उडते. कपाशीवरच्या चिकट्याला आवरणाऱ्या या माशीची 2009 मध्ये शास्त्रीय नोंद झाली, तेव्हा कृषिशास्त्रज्ञ बंबावाले यांच्यावरून तिला ‘एनासियस बंबावालेई’ नाव दिलं गेलं. मला याचा फार अभिमान वाटतो. असे दाणे असलेली फांदी तोडू नका, तिच्यावर काही मारू नका.

बाकीच्या फांद्यांवर पाण्याची जोरदार धार सोडा. फारच भरलेला शेंडा कापून जाळा. बुंध्यावर मुंग्यांची रांग असेल तर ग्रीस लावलेली चिंधी गुंडाळा. चिकट्याच्या गोड पाझरासाठी मुंग्या त्याची राखण करतात, माशीला जवळ येऊ देत नाहीत. मग निंबोळी अर्क. उन्हाळ्याच्या शेवटी वेचून सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबणचुरा घालायचा. साबणाशिवाय अर्क त्या मेणचट पिठावरून घरंगळतो. फवारा संध्याकाळी मारा, उन्हात अर्काचा जोर उतरतो. आठवड्यानं पुन्हा मारा, कारण नवी पिल्लं निघालेली असतात. ती पिवळसर, बिनपिठाची, म्हणून लवकर मरतात.

अंगणातल्या बाकीच्या फुलझाडांचंही असंच नीट पाहा. गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा करपल्या तर फूल पांढऱ्या कागदावर झटका. सुईच्या टोकाएवढे किडे पळताना दिसले की ते फुलकिडे. त्यांनाही हाच अर्क चालतो. मोगऱ्याची कळी जांभळी पडून तिला भोक दिसलं तर मात्र अळी आत असते, तिथे फवारा पोचत नाही. अशा कळ्या रोज सकाळी खुडायच्या, खाली पडलेल्याही वेचायच्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवायच्या.