भित्तिपत्रक आणि नळ : ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या आरोग्यशिक्षणाची चिकित्सा

खुपऱ्या म्हणजे ट्रॅकोमा हा डोळ्यांचा रोग एका जिवाणूमुळे होतो आणि लहान मुलांच्या डोळ्यांतील व नाकातील स्रावांमधून, हातांनी, सामाईक टॉवेलने किंवा माश्यांमार्फत तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. एखाददुसऱ्या संसर्गाने दृष्टी जात नाही. मात्र बालपणी तोच संसर्ग पुन्हापुन्हा होत राहिला, तर पापणीच्या आतल्या अस्तरावर वण धरतात, पुढे कित्येक वर्षांनी पापणी आत वळते, तिचे केस बुबुळावर घासू लागतात आणि अखेर डोळ्यात फूल पडून माणूस आंधळा होतो. ऑस्ट्रेलियातील गोऱ्या वस्तीतून हा रोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हटला आणि त्याचे श्रेय मुख्यतः सुधारलेली घरे, मुबलक पाणी व कमी झालेली दाटी यांना दिले जाते. परंतु मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील आदिवासी वस्त्यांत तो टिकून राहिला. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे निर्मूलन झाल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता भारताला 2024 मध्ये मिळाली, तेव्हा भारताहून कितीतरी श्रीमंत असलेला ऑस्ट्रेलिया त्या यादीत नव्हता.

या देशातील मूलनिवासी, म्हणजे मुख्य भूमीवरील अ‍ॅबोरिजिनल समाज आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवरचे लोक, 2021च्या जनगणनेवर आधारित अंदाजानुसार सुमारे 9.8 लाख असून एकूण लोकसंख्येत त्यांचा वाटा 3.8 टक्के आहे. त्यांच्या डोळ्यांच्या आरोग्याची पहिली देशव्यापी पाहणी नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्या नेतृत्वाखाली 1976 ते 1978 या काळात झाली आणि तीत एक लाखाहून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले. हॉलोज हे त्याआधी, 1971 मध्ये, सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी स्वतः उभारलेल्या आरोग्यसेवेच्या स्थापनेतही सहभागी होते. या सेवेचे नियंत्रण आदिवासींनीच निवडलेल्या मंडळाकडे होते. ‘समाज-नियंत्रित आरोग्यसेवा’ ही संकल्पना तेथून देशभर पसरली आणि आरोग्यशिक्षणाचे साहित्य कोणी तयार करायचे, या प्रश्नाचे उत्तरही त्यामुळे बदलले.

जागतिक आरोग्य संघटनेने खुपऱ्यांविरुद्ध मांडलेली चतुःसूत्री शस्त्रक्रिया, प्रतिजैविक, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसराची सुधारणा अशी आहे. पहिल्या दोन सूत्रांसाठी शल्यविशारद आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन या औषधाची एक मात्रा पुरते. तिसऱ्यासाठी मात्र घरोघरच्या सवयी बदलाव्या लागतात. म्हणूनच मेलबर्न विद्यापीठातील आदिवासी नेत्रआरोग्य विभागाने वस्त्यांच्या सहकार्याने ‘स्वच्छ चेहरे, सुदृढ डोळे’ हे घोषवाक्य घेऊन भित्तिपत्रके, चित्रतक्ते, शालेय पाठ आणि खेळ यांचा मोठा संच प्रचारात आणला. ‘मिल्पा’ नावाची घोरपड ही या मोहिमेची नायिका असून मिल्पा हा वाल्पिरी या आदिवासी भाषेत डोळ्यासाठी असलेला शब्द आहे. नाक पूर्ण शिंकरणे, साबणाने हात धुणे, चेहरा मळला की धुणे, दात घासणे, रोज अंघोळ करणे आणि दुसऱ्याचा टॉवेल न वापरणे अशा सवयी ही घोरपड शिकवते. मुलांची गर्दी हमखास जमावी म्हणून मेलबर्नच्या फुटबॉल क्लबचे खेळाडूही या वस्त्यांमध्ये नेण्यात आले.

असे पात्र निवडण्यामागे रंजनापलीकडचाही विचार असू शकतो. अनेक आदिवासी समाजांत मृत व्यक्तीचे नाव घेणे किंवा छायाचित्र दाखवणे शोककाळात निषिद्ध मानले जाते; साहजिकच भित्तिपत्रकावरील व्यक्ती निधन पावली, तर ते पत्रक भिंतीवरून उतरवावे लागते, आणि काल्पनिक प्राण्याच्या बाबतीत ही अडचण उद्भवत नाही. संदेश देणारी प्रतिमा परकी असली तर काय होते, याचा धडा 1987 मध्येच मिळाला होता. त्या वर्षी एड्सविषयीच्या सरकारी जाहिरातीत काळा झगा घातलेला, हातात कोयता धरलेला युरोपीय परंपरेतील यमदूत दाखवण्यात आला. त्या भीतीचा आपल्या लोकांवर इष्ट परिणाम होणार नाही, हे ओळखून टाउन्सव्हिल येथील आदिवासी आरोग्यसेवकांनी, परिचारिका ग्रेसलिन स्मॉलवुड यांच्या पुढाकाराने, ‘कॉन्डोमॅन’ हा स्वतःचा महानायक घडवला. मराठी वाचकांना इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ म्हणून ठाऊक असलेला फँटम आदिवासी वस्त्यांतही लोकप्रिय होता आणि कॉन्डोमॅनचा तोंडवळा त्याच्यावरून घेतला गेला. जो विषय चारचौघांत काढणे लाजिरवाणे वाटत असे, त्याची चर्चा या विनोदी नायकामुळे सुकर झाली.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात आदिवासींच्या शंभराहून अधिक भाषा व बोली आहेत आणि तेथील अनेकांसाठी इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा असते. मूत्रपिंड निकामी झाल्याने डार्विन येथे डायालिसिस घेणारे योल्ङु समाजाचे रुग्ण आणि त्यांचे उपचारक यांच्यातील संवादाचा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. रोग, उपचार आणि रुग्णाने घ्यायची काळजी यांबद्दल दोन्ही बाजूंची समान समजूत क्वचितच निर्माण होत होती, प्रशिक्षित दुभाषे जवळजवळ नव्हते आणि संवाद फसल्याचे बहुधा कोणाच्याच ध्यानात येत नव्हते, असे त्यात दिसून आले. समोरच्याचा मान राखण्यासाठी ‘हो’ म्हणण्याची रीत जेथे आहे, तेथे रुग्णाने मान डोलावली म्हणजे त्याला समजले, असा निष्कर्ष काढता येत नाही. केवळ सोप्या इंग्रजीतील पत्रक वाटल्यानेही ही दरी भरून निघत नाही.

साहित्य आपल्या लोकांनी, आपल्या भाषेत केले तरी एक प्रश्न उरतोच आणि तो प्रत्यक्ष घराचा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडील अनांगू लोकांच्या प्रदेशात ‘ङनाम्पा आरोग्य परिषद’ ही आदिवासी-नियंत्रित संस्था काम करते. तिचे संचालक यामी लेस्टर यांनी 1985 मध्ये वास्तुरचनाकार पॉल फोलेरोस, डॉक्टर पॉल टॉर्झिलो आणि पर्यावरण-आरोग्याचे जाणकार स्टीफन रेनो यांना एकत्र आणून, लोक आजारीच पडू नयेत असा काही मार्ग शोधा, असे सांगितले. लेस्टर स्वतः दृष्टिहीन होते आणि 1953च्या ब्रिटिश अणुचाचणीनंतर आलेल्या काळ्या धुक्याने आपले डोळे गेले, असे ते सांगत. या तिघांनी स्थानिक लोकांच्या साहाय्याने तयार केलेला अहवाल 1987 मध्ये सादर झाला. निरोगी राहण्यासाठी घरात शक्य असायलाच हव्यात अशा नऊ गोष्टी त्यात प्राधान्यक्रमाने मांडल्या असून पहिल्या क्रमांकावर अंग धुणे, विशेषतः लहान मुलांना न्हाऊ घालणे आणि दुसऱ्यावर कपडे व अंथरूण-पांघरूण धुणे आहे.

अहवालाचे वेगळेपण असे की, ‘मूल धुवा’ या उपदेशाचे त्याने तपासता येतील अशा भागांत विभाजन केले. अंघोळीच्या साध्या फवाऱ्यासाठी नळाची मूठ फिरावी लागते, पाणी तापावे लागते, ते पुरेशा दाबाने यावे लागते आणि सांडपाणी मोरीतून वाहून जावे लागते. यांतले एक जरी अडले, तरी आईचे ज्ञान वाया जाते. वाळवंटातील भूजलात क्षार एवढे असतात की पाणी तापवण्याच्या टाक्यांत आणि नळांत त्यांची पुटे चढतात व चांगली सामग्रीही लवकर निकामी होते. पुढे याच पद्धतीने देशभर तपासलेल्या साडेसात हजारांवर घरांपैकी जेमतेम 35 टक्के घरांत फवारा चालू स्थितीत आढळला. आदिवासींना घर वापरता येत नाही, ही समजूतही या तपासणीने खोडून काढली, कारण बहुसंख्य बिघाड देखभालीअभावी आणि त्याखालोखाल सदोष बांधकामामुळे झालेले होते. रहिवाशांनी केलेली नासधूस दहा टक्क्यांच्याही आत होती. दुरुस्तीवाचून पाहणी करायची नाही, हा या कामाचा दंडक असल्यामुळे पथक पहिल्याच दिवशी हत्यारे घेऊन घरात शिरते आणि त्यात स्थानिक लोकांचाच भरणा असतो. न्यू साउथ वेल्स राज्याच्या आरोग्य विभागाने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा वर्षांच्या आढाव्यानुसार, जेथे हे काम झाले तेथील रहिवाशांना संसर्गजन्य रोगांसाठी रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण, असे काम न झालेल्या ग्रामीण आदिवासी लोकसंख्येच्या तुलनेत 40 टक्क्यांनी कमी होते.

खुपऱ्यांचा धोका असलेल्या वस्त्यांतील मुलांमध्ये 2009 साली सुमारे 14 टक्के असलेले या रोगाचे प्रमाण 2012 पर्यंत 4 टक्क्यांच्या आसपास उतरले, परंतु त्या यशात औषधाच्या सामूहिक वाटपाचा वाटा मोठा होता. प्रतिजैविक संसर्ग घालवते, पण पुढचा संसर्ग रोखत नाही. ते काम पाणी आणि सवय या दोघांनी मिळून करायचे असते. घरात नळ चालत नसताना चेहरा धुण्याचा उपदेश देणारे पत्रक निरुपयोगी ठरतेच, शिवाय रोगाचा दोष ते नकळत शासनाच्या गृहनिर्माण खात्यावरून मुलाच्या आईकडे सरकवते. म्हणून आदिवासींसाठी तयार होणाऱ्या कोणत्याही आरोग्यसाहित्याचे मोल त्याच्या छपाईवरून किंवा वाटलेल्या प्रतींवरून ठरवणे अपुरे आहे; ते कोणाच्या निर्णयाने आणि कोणत्या भाषेत घडले, आणि त्यात सांगितलेली कृती वाचणाऱ्याच्या घरात त्या दिवशी करता येते का, ही त्याची खरी कसोटी आहे.