बसा की!

आमच्या भागातली माणसे मनाने चांगली, पण बोलणे मात्र रांगडे, असा एक प्रवाद पुण्यामुंबईकडे पूर्वापार चालत आलेला आहे. माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर सांगलीचे. म्हणजे या प्रवादाची मी दुहेरी वारस! पुण्याचे पाहुणे कृष्णाकाठी आले, की दुसऱ्याच दिवशी त्यांची कुरकुर सुरू होते. "तुमच्याकडे कुणी 'कृपया' म्हणत नाही, कुणी 'आभारी आहे' म्हणत नाही. दुकानात पाऊल टाकावे तो दुकानदार ओरडतो, 'या की पाव्हणं, बसा की!' ही काय बोलण्याची रीत झाली?"

इतकी वर्षे मी यावर नुसती हसत असे. पण आता आमच्या बाजूने एक चांगला वकील उभा राहिला आहे. माझी भाची पुण्याला जपानी शिकते. थोडीफार चिनीही तिच्या कानावरून गेली आहे. जगात विनयाचा नमुना म्हणून ज्या दोन देशांकडे बोट दाखवतात, ते हेच. कमरेत वाकून नमस्कार करणारा जपानी आणि दोन्ही हातांनी चहाचा पेला पुढे करणारा चिनी आपण चित्रांतून पाहिलेला असतो. त्यांच्या विनयाच्या गोष्टी ती सांगू लागली, तसतसे मला वाटू लागले, अरे, हे तर आपल्या माजघरातलेच बोलणे!

जपानी भाषेत आदराने बोलण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच आहे. त्याला 'केइगो' म्हणतात. समोरच्याला उंच करणारे शब्द वेगळे, स्वतःला खाली घेणारे वेगळे आणि नुसते सभ्यपणाचे वेगळे. साधे 'खाणे' घ्या. सर्वसाधारण शब्द 'ताबेरु'. पाहुणे खातात तेव्हा 'मेशिआगारु'. आणि मी स्वतः खाते तेव्हा, जणू वरून कुणी ओंजळीत घातले अशा नम्रतेने, 'इतादाकु'. हे सारे त्यांच्या तरुण मंडळींनाही इतके अवघड जाते, की २००७ साली तिथल्या सरकारी सांस्कृतिक मंडळाने या आदरार्थी भाषेची नव्याने पाच प्रकारांत मांडणी करून मार्गदर्शन प्रसिद्ध केले!

आपण हसायचे कारण नाही. आपल्याकडे पाहुणे जेवतात, देव नैवेद्य ग्रहण करतो, मुले खातात, आणि आईचे डोके फिरले की तीच मुले गिळतात! क्रिया एकच, पण मानाच्या पायऱ्या किती!

पाहुणचाराची भाषा तर अशी जुळते, की ऐकून मौज वाटावी. जपानी गृहिणी चांगली चारी ठाव वाढून वर म्हणते, "काहीच नाही हो, पण घ्या." आपली गृहिणी पुरणपोळी वाढून म्हणते, "साधंच आहे, गोड मानून घ्या." जेवणाऱ्याला आपण म्हणतो, "सावकाश होऊ द्या." जपानी माणूस म्हणतो, "गोयुक्कुरी." अर्थ तोच, सावकाश! चिनी यजमान पाहुण्याला दारापर्यंत पोचवून म्हणतो, "मान मान झोऊ." म्हणजे शब्दशः 'हळूहळू चाला'. आपली आजी उंबऱ्यात उभी राहून "सावकाश जा हं" म्हणते, तेच हे. चिनी माणूस समोरच्याचे आडनाव विचारताना त्याला 'मौल्यवान आडनाव' म्हणतो आणि स्वतःच्या घराला 'थंडगार झोपडी' म्हणतो. आपल्याकडे तीन मजली वाड्याचा धनीही "गरिबाच्या झोपडीला पाय लागू द्या" म्हणतच असे की!

आणि आता त्या बदनाम 'की'बद्दल. भाचीने सांगितले, की चिनी भाषेत नुसते 'बस' म्हटले तर तो हुकूम होतो. म्हणून मागे 'बा' असे एक इवलेसे अक्षर जोडतात. 'झुओ बा.' त्या 'बा'ने हुकमाचा काटा मोडतो आणि आग्रह उरतो. माझ्या तोंडून आपोआप निघाले, "म्हणजे 'बसा की'!" ती टाळी देऊन म्हणाली, "अगदी तेच, मावशी." आमचा 'चा घ्या की', 'जेवून जा की', 'राहा की आज' यांतला 'की' म्हणजे आमचे 'कृपया'च आहे. ते पुस्तकी वळणाचे नाही, एवढाच त्याचा अपराध!

नवराबायकोच्या बोलण्यातही हीच गंमत. जपानी बायको नवऱ्याला 'आनाता' म्हणते. आज त्याचा अर्थ 'तुम्ही' असा होतो. पण मुळात तो दिशा दाखवणारा शब्द, 'पलीकडे' अशा अर्थाचा. आता आपल्या आज्या-पणज्या आठवा. "इकडून येणं कधी झालं?" नाव घ्यायचे नाही, 'तुम्ही'सुद्धा म्हणायचे नाही, नुसती दिशा दाखवायची! त्यांनी 'पलीकडे' दाखवले, आपण 'इकडे' दाखवले, एवढाच फरक. जपानी नवरा परक्याजवळ आपल्या बायकोला 'घराच्या आतली' अशा अर्थाचा 'कानाइ' शब्द वापरी, चिनी नवरा 'आतले माणूस' म्हणे आणि आपले आजोबा 'घरातली मंडळी' म्हणत. तिन्ही देशांत बाई आत! शब्द आदराचे खरे, पण त्या आदराने उंबऱ्याची रेघही ओढून ठेवली होती.

इथेच मला थोडे थांबावेसे वाटते. आदराचा शब्द म्हणजे आदरच, असे समजून चालत नाही.

साताऱ्याचीच गोष्ट पाहा. १७४९ साली छत्रपती शाहू महाराज वारले आणि सत्तेच्या साऱ्या दोऱ्या पुण्याला गेल्या. तरी नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रे यायची ती साताऱ्याहूनच. छत्रपतींना लिहिताना पेशवा विनंतीच करायचा, हुकूम नव्हे. कागदावर मस्तक नमलेले आणि कारभार सगळा आपल्या हाती! जपानातही १६०३ ते १८६८ पर्यंत हाच प्रकार होता. सम्राट क्योतोला, सारी सत्ता एदोच्या शोगुनाकडे, आणि शोगुनाला पदवी द्यायची ती मात्र सम्राटाने. भाषेतला मान पुष्कळदा सत्ता निघून गेल्यावरही तसाच तेवत राहतो.

याउलट काही मान असे, की ते मिळण्यापेक्षा न मिळालेले बरे. आपल्या जुन्या पत्रांतले मायने पाहा. वडिलांना 'तीर्थरूप', वडिलांसारख्यांना 'तीर्थस्वरूप', धाकट्यांना 'चिरंजीव', पुढे 'सा. न. वि. वि.' पोस्टकार्डाची निम्मी जागा मानातच संपायची. त्यातच एक मायना होता, 'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी. किती पवित्र शब्द! पण नवरा गेलेल्या बाईच्या नावामागे तो लागला, की पाकीट हाती घेणाऱ्या पोस्टमनलाही तिचे दुःख कळे. माझी एक आत्या तो मायना पाहिला की पत्र न वाचताच देवळीत ठेवून देई. नावे ठेवायला जागा नाही असा तो सभ्य शब्द, आणि दर पत्रागणिक जखमेची खपली काढणारा.

आणि तिसरी गोष्ट, सर्वांत बोचणारी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचे नाव दाखल झाले. तो भीमराव आंबेडकर. त्याची आठवण म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. पुढे १९०१ साली भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दोन भाचे परगावी नोकरीला असलेल्या वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. पोरे नव्या कपड्यांत, नीटनेटकी. वडिलांचे निरोप्या माणूस आलेला नव्हता. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. त्याला ती ब्राह्मणांची मुले वाटली होती. मग त्याने जात विचारली. मुलांनी महार म्हणून सांगताच त्याचा चेहरा पालटला आणि तो निघून गेला. दुप्पट भाडे देऊ केले तरी गाडीवान मिळेना. अखेर एक जण तयार झाला, तो या अटीवर, की गाडी मुलांनीच हाकायची; तो शेजारून पायी चालणार. बाबासाहेबांनी हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे. मसूरच्या त्या फलाटावर आपुलकीचे शब्द एका क्षणात आटले. मुले तीच होती, कपडे तेच होते.

त्या काळी महारांनी वरच्यांना 'जोहार' घालायचा ही रीत होती. तीही नम्रतेची भाषाच. पण ती एकाच बाजूने वाहायची. 'जोहारा'ला उत्तर म्हणून कुणी उठून 'बसा' म्हणत नसे. पुढे त्या समाजाने 'जोहार' टाकला आणि 'जय भीम' घेतला. त्यातली खरी गोडी ही, की 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम'च येते.

याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली आपल्या रयत शिक्षण संस्थेचा संसार आणला आणि वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. एका छपराखाली राहायचे, एका पंगतीत जेवायचे. साऱ्यांनी भाऊरावांना 'अण्णा' म्हणायचे. अनोळख्याला काका-मावशी म्हणण्याची चाल चीनमध्येही आहे, आणि आमच्या बाजाराच्या दिवशी तर सारा गावच एकमेकांचा दादा, मामा नि अक्का असतो. पण नात्याच्या शब्दाला पंगतीची जोड मिळाली, ती त्या वसतिगृहात.

आता शहरातल्या आपल्या घरांकडे वळू या. मुले इंग्रजी शाळेतून 'प्लीज' आणि 'थँक यू' छान शिकून येतात. पाहुण्यांपुढे आपण ते म्हणवूनही घेतो. पण साठीला आलेल्या भांडीवाल्या मावशींना तीच मुले 'ए, तू उद्या लवकर ये' म्हणतात, तेव्हा आपले लक्ष नसते. कारण पुष्कळदा आपणही तेच म्हणत असतो. साहेबांना 'अहो', वॉचमनला 'ए'. आईला आपण 'तू' म्हणतो, विठोबालाही 'तू' म्हणतो, त्यात प्रेम असते; ती गोष्ट निराळी. मावशींच्या 'तू'मध्ये ते प्रेम आहे की नुसता पगार आहे, हे ज्याचे त्याने आपल्याशी ठरवावे.

दिवाळीचा फराळ त्यांनाही आपण देतोच. बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, दारातल्या दारात. या वर्षी आमच्या कृष्णाकाठची रीत करून पाहा. पाहुण्यांच्याच बशीत दोन चकल्या, एक करंजी आणि एक लाडू घाला, पंख्याखालची खुर्ची पुढे ओढा आणि म्हणा, "मावशी, बसा की!"