गुडघ्याची गोष्ट (लेखांक ६) : वाडा तोच, बिऱ्हाड नवं

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या महिन्यात रुग्ण आनंदात असतो आणि मी काळजीत. कुबड्या सुटलेल्या असतात, सूज ओसरलेली असते, जिना चढताना कठड्याला हात लागत नाही. ‘डॉक्टर, आता काहीच दुखत नाही, खेळू का?’ हा प्रश्न याच सुमारास येतो. आत बसवलेला नवा अस्थिबंध मात्र याच दिवसांत सगळ्यात नाजूक असतो. बरं वाटणं आणि बरं होणं यांत निदान सहा महिन्यांचं अंतर आहे. आजचा लेख त्या अंतराविषयी.

एसीएल, म्हणजे मांडीच्या हाडाला नडगीशी बांधणारा गुडघ्यातला पुढचा तिरका दोर, कसा तुटतो ते मागच्या आठवड्यात पाहिलं. कबड्डीत हूल देताना पाय मॅटवर रुततो, धड वळतं, आत ‘कट्’ असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टरारून सुजतो. हा दोर सांध्यातल्या द्रवात बुडालेला असल्यामुळे तुटलेल्या टोकांवर रक्ताची गुठळी टिकत नाही आणि ती टोकं सहसा आपोआप जुळत नाहीत. मग शिवून का टाकत नाहीत? तेही करून पाहिलं गेलं. इंग्लंडमधल्या लीड्सला आर्थर मेयो रॉब्सन यांनी १८९५ मध्ये एका खाणकामगाराच्या गुडघ्यातले तुटलेले दोर टाके घालून जोडले. पण पुढच्या काळात हे नुसते टाके बहुतेकांत दीर्घकाळ टिकले नाहीत. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे ग्रोव्हज यांनी वेगळी वाट धरली. मांडीच्या बाहेरच्या बाजूची चिवट पट्टी घेऊन त्यांनी ती दोन्ही हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवली. हत्यारं पार बदलली, तरी तत्त्व आजही तेच आहे : आपल्याच शरीरातला दुसरा दोर घ्यायचा आणि तुटलेल्याच्या जागी बसवायचा.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, हालत्याफिरत्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ५९ जणांना आधी फक्त व्यायामोपचार दिले, गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांत त्यांपैकी २३ जणांनाच ती करावी लागली. पण ज्याचा गुडघा साध्या चालण्यातही दगा देतो, ज्याच्या गुडघ्यातल्या दोन हाडांमधल्या गादीला इजा झाली आहे किंवा ज्याला वळणा-उडण्याचा खेळ पुन्हा खेळायचा आहे, त्याच्यासाठी शस्त्रक्रियेचं पारडं जड होतं.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. वाटीच्या दोन बाजूंना दोन छोटी छिद्रं, एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यारं. नवा दोर घेण्यासाठी नडगीच्या वरच्या टोकाला आतल्या बाजूने तीन-चार सेंटीमीटरचा छेद घेतात. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंच्या दोन कंडरा तिथे येऊन चिकटतात, त्या सोडवून काढायच्या. काही रुग्णांत वाटीखालच्या कंडरेची मधली पट्टी दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट घेतात. अलीकडे वाटीच्या वरची किंवा घोट्याजवळची कंडराही वापरतात. कुठून घ्यायचं हे रुग्णाचा खेळ, त्याचं काम आणि त्याची बसण्याउठण्याची सवय पाहून ठरतं. ज्याला गुडघे टेकून काम करावं लागतं त्याच्या वाटीखालची पट्टी घेताना मी दहादा विचार करतो, कारण तिथलं दुखणं मागे रेंगाळू शकतं.

कंडरा काढल्यावर एक काम बाजूच्या टेबलावर चालतं. रुग्णाच्या नातेवाइकांना ते कधी दिसत नाही, म्हणून इथे सांगतो. पांढरी, ओली चमक असलेली, वीतभरापेक्षा लांब पट्टी फळीवर ठेवलेली असते. तिला चिकटलेला लालसर स्नायू बोथट पात्याने खरवडून काढतात. मग तिच्या चार पदरी घड्या घालून टोकं जाड धाग्याने शिवतात आणि पदर ताणून ठेवतात, म्हणजे पुढे आत गेल्यावर ती सैल पडत नाही. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढत जाणाऱ्या छिद्रांच्या मापातून ती ओढून पाहतात. आठ मिलिमीटरच्या छिद्रातून घट्ट गेली की आमच्या खोलीतलं वातावरण सैलावतं. त्याहून बारीक दोर तरुण खेळाडूंत पुन्हा तुटण्याचा धोका जास्त असतो. मग जंतुसंसर्ग टळावा म्हणून प्रतिजैविकात भिजवलेल्या कापडात ती गुंडाळून ठेवतात.

तोवर इकडे बोगदे पाडायचे असतात, आणि खरं कसब इथेच लागतं. पूर्वी मांडीच्या हाडातला बोगदा सोयीचा म्हणून जरा उंचावर पडायचा, त्यामुळे दोर उभा बसायचा. उभा दोर नडगीला पुढे सरकू देत नाही, पण गुडघ्याचा पीळ त्याला नीट आवरत नाही. असा रुग्ण सरळ छान चालायचा आणि वळला की गुडघा निसटायचा. म्हणून आता मूळ दोर जिथे चिकटलेला होता तीच खूण शोधून तिथेच बोगदा पाडण्यावर भर असतो. काही मिलिमीटरची चूक पुढची कित्येक वर्षं जाणवते.

दोर आत ओढला की मांडीच्या हाडापलीकडे धातूची इवलीशी पट्टी त्याला धरून ठेवते. सदऱ्याच्या काजातून उभं घातलेलं बटण पलीकडे आडवं झालं की परत निघत नाही, तसंच हे. खाली नडगीच्या बोगद्यात स्क्रू बसतो. साधारण तास-दीड तासात काम आटोपतं. इथवरचं काम माझं. यापुढचं शरीराचं आणि रुग्णाचं.

दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकर घेऊन उभं करतात. त्याआधी आम्ही म्हणतो, ‘मांडी आवळा.’ तो मान हलवतो, डोळे मिटून जोर लावतो, आणि मांडी ढिम्म हलत नाही. स्नायू शाबूत असतो, पण सुजलेल्या सांध्याकडून येणारे संदेश त्याला आकसू देत नाहीत. ही मांडी जागी करणं आणि गुडघा पूर्ण सरळ करणं, पहिल्या पंधरवड्यातली ही दोन मोठी कामं. घरची माणसं मायेपोटी गुडघ्याखाली उशी सरकवतात. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे चाल लंगडी होते. उशी नको, टॉवेलची घडी टाचेखाली ठेवा. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला बधिरपणा येतो. त्वचेची बारीक नस छेदाजवळून जाते म्हणून तो येतो आणि बहुतेकांत हळूहळू कमी होतो. पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखम वाहू लागली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आता त्या तिसऱ्या महिन्याकडे वळू. कंडरा जागेवरून काढली की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिच्यातल्या पेशी मरतात. उरतो तो तंतूंचा सांगाडा. मग आजूबाजूने नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येऊन वसतात आणि जुने तंतू मोडून नवे विणू लागतात. वाडा तोच, बिऱ्हाड नवं. या मोडतोडीच्या काळात, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, दोर सगळ्यात कमजोर असतो. पूर्ण घडी बसायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. म्हणून सायकल सहाव्या आठवड्याच्या आसपास, सरळ रेषेत हळू धावणं तीन-चार महिन्यांनी, वळणं आणि उड्या त्याहून पुढे. मांडी घालून बसणं, भारतीय शौचालय, मोटारसायकलला किक मारणं, यांतलं काहीही विचारल्याशिवाय सुरू करू नका.

सांगलीच्या स्मृती मानधनाचं उदाहरण मला नेहमी ऐकवतात. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात तिच्या एसीएलला दुखापत झाली आणि जूनमध्ये विश्वचषकात तिने इंग्लंडविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. त्या जिद्दीला सलाम. पण एका खेळाडूचं वेळापत्रक दुसऱ्याच्या गुडघ्याला लागू होत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १०६ रुग्णांच्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितका लांबवला, त्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटत गेलं. मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या या चाचण्यांत ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के भरला पाहिजे. असे निकष पार न करता खेळलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, पार केलेल्यांपैकी जेमतेम ६ टक्क्यांना.

माझा एक रुग्ण एकोणीस वर्षांचा चढाईपटू होता. चौथ्या महिन्यात गावच्या जत्रेतले सामने आले आणि तो मॅटवर उतरला. दुसऱ्या चढाईत वळताना गुडघा निसटला. त्याची आई मला म्हणाली, “टाकं तर चांगलं भरलं होतं की वो डॉक्टर, मग आतलं कसं काय तुटलं?” तिच्या प्रश्नात सगळं आलं. कातडीवरची जखम तिला दिसत होती, आतली विणकरी तिला कुणी दाखवलीच नव्हती. दुसऱ्या वेळी दोर त्याच्या चांगल्या पायातून काढावा लागला.

तेव्हापासून घरी सोडताना मी आईवडिलांना समोर बसवतो आणि कॅलेंडरवर नववा महिना मोजून खूण करून देतो. आत काहीतरी नवं घडतंय, त्याला वेळ लागतो, घाई केली तर ते दगावतं, इतकंच सांगतो. नऊ महिने म्हटलं की आयांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

(पुढच्या आठवड्यात : हा दोर तुटूच नये म्हणून सरावाआधीची वीस मिनिटं कशी वापरायची.)