मोठा पंखा म्हणजे जास्त वेग? रिमोटच्या बोटीचा प्रोपेलर बदलताना

सुरतेतल्या भेस्तानला आमच्या गल्लीत खानदेशातून आलेली बरीच घरं आहेत. त्यातल्याच एका घरातला नववीतला मुलगा गेल्या उन्हाळ्यात रिमोटची बोट घेऊन माझ्याकडे आला. तळ्याच्या पायरीवर आपटून प्रोपेलरचं एक पातं तुटलं होतं. दुकानदारानं ‘थोडा मोठा पंखा लाव, जोरात पळेल’ असं सांगून 36 मिलिमीटरच्या जागी 40 मिलिमीटरचा दिला. पहिली फेरी खरंच जोरात झाली. दुसऱ्या फेरीत बोट तळ्याच्या मधोमध थांबली. ओढून काठावर आणली, तेव्हा मोटर चालवणाऱ्या ईएससीला जळका वास येत होता. ‘काका, पंखा तर नवाकोरा होता. मग जळलं कसं?’

प्रश्न अगदी बरोबर होता. सायकलचा टायर बदलावा तसा प्रोपेलर बदलता येत नाही. मोटरवर किती ओझं टाकायचं, हे प्रोपेलरच ठरवतो. ओझं वाढलं की भोगावं लागतं ईएससीला आणि बॅटरीला. म्हणून या विषयातले नेहमी कानावर येणारे गैरसमज जरा सविस्तर बघू.

गैरसमज : पंखा मोठा, तर वेग जास्त

हा समज बहुधा इंजिनाच्या बोटींकडून आला असावा. पेट्रोल किंवा नायट्रोच्या इंजिनाला मोठा प्रोपेलर लावला, तर ते दमतं, आवाज बदलतो, फेरे पडतात. इंजिन स्वतःच सांगतं की हे मला झेपत नाही. विजेची मोटर तसं सांगत नाही. ती आपले फेरे टिकवायला बघते आणि त्यासाठी लागेल तेवढा करंट बॅटरीकडून ओढत राहते. गावाकडे शेतपंपाच्या मोटरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. व्होल्टेज पडलं तरी मोटर तेवढंच पाणी उपसायला बघते, करंट चढतो आणि वाइंडिंग जळतं. बोटीत व्होल्टेज पडण्याऐवजी ओझं वाढतं, पण शेवट तोच.

आता हिशेब करू. घडण तीच आणि फेरेही तेवढेच ठेवले, तर प्रोपेलरला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. 36 वरून 38 मिलिमीटरवर गेलं, तर शक्ती सुमारे 31 टक्क्यांनी वाढते. 36 वरून 40 वर गेलं, तर सुमारे 69 टक्क्यांनी. डोळ्यांना फरक दिसतो तो फक्त 4 मिलिमीटरचा. समजा, जुन्या प्रोपेलरवर मोटर 42 अँपिअर ओढत होती आणि ईएससी 60 अँपिअरचा आहे. नव्या प्रोपेलरवर फेरे थोडे पडतात, म्हणून वाढ पूर्ण 69 टक्के होणार नाही, पण 60 चा आकडा ओलांडायला तेवढी पुरते. त्या मुलाच्या बोटीत बहुधा हेच झालं असावं.

व्यास वाढवायचाच असेल, तर एका वेळी 1 मिलिमीटर, फार तर 2. आणि प्रत्येक वेळी चालवून, हात लावून बघायचं.

गैरसमज : दिसायला सारखा, म्हणजे प्रोपेलर तोच

दोन प्रोपेलर एकमेकांवर ठेवले तर कडा जुळतात, तरी बोटीवर दोघांची चाल निराळी असते. कारण दुसरा आकडा, म्हणजे पिच, डोळ्यांना सहज दिसत नाही. लाकडात स्क्रू पिळताना तो एका फेऱ्यात जेवढा आत जातो, तेवढी त्याची पिच. प्रोपेलर पाण्यात अजिबात न घसरता एका फेऱ्यात जेवढा पुढे गेला असता, ती त्याची पिच.

अमेरिकेतल्या ऑक्टुरा कंपनीच्या प्रोपेलरवर तीन आकडे असतात. पहिल्या आकड्यात व्यासाशी पिचचं गुणोत्तर दडलेलं असतं आणि पुढचे दोन आकडे व्यास सांगतात. 440 म्हणजे व्यास 40 मिलिमीटर आणि पिच त्याच्या 1.4 पट, म्हणजे 56 मिलिमीटर. 642 म्हणजे व्यास 42 आणि पिच 1.6 पट, म्हणजे सुमारे 67. काही उत्पादक दोन्ही आकडे सरळ छापतात, तर स्वस्तातल्या प्लास्टिकच्या प्रोपेलरवर कधीकधी काहीच नसतं.

हे कळलं की बोटीचा अंदाजे वेग घरी बसूनही काढता येतो. मोटर 2000 केव्हीची, म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला 2000 फेरे. बॅटरी तीन सेलची लायपो, 11.1 व्होल्ट. रिकामे फेरे 22,200. पाण्यात ओझ्याखाली त्यातले 80 टक्के धरू, म्हणजे 17,760. प्रोपेलर 36 मिलिमीटरचा, गुणोत्तर 1.4, म्हणून पिच 50.4 मिलिमीटर. गुणाकार केला की मिनिटाला 895 मीटर होतात, म्हणजे ताशी जवळपास 54 किलोमीटर. पाण्यातल्या घसरणीपोटी 20 टक्के सोडले की 43 उरतात. गल्लीतल्या मुलाला हा वेग पुरून उरतो. पिच वाढवली तर हा आकडा कागदावर चढतो, पण पाण्यात तो गाठायला मोटरमध्ये तेवढा जोर हवा. नाहीतर बोट पाण्यावर उठतच नाही, नाक वर करून नांगरासारखी पाणी कापत राहते.

हे सगळं अर्धा प्रोपेलर पाण्याबाहेर ठेवून पळणाऱ्या वेगवान बोटींचं झालं. एनसीसीच्या नौदल शाखेतले कॅडेट युद्धनौकांची मॉडेलं बनवतात. पाणी सारत सावकाश जाणाऱ्या तसल्या नौकांचा प्रोपेलर पूर्ण पाण्याखाली असतो. तिथे कमी पिचचा, रुंद पात्यांचा प्रोपेलरच शोभतो. एकीचा प्रोपेलर दुसरीला लावून काही हाती लागत नाही.

गैरसमज : उलटा प्रोपेलर मिळाला, तर मोटरच्या दोन तारा अदलाबदल करायच्या, झालं काम

अर्धं खरं. ब्रशलेस मोटरच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन बदलल्या की मोटर उलटी फिरते, आणि उलट्या हाताचा प्रोपेलर मग बोटीला पुढेच ढकलतो. पण मधला लवचीक शाफ्ट विसरून चालत नाही. तो तारांच्या थरांचा पीळ असतो. योग्य दिशेला फिरवला तर ओझ्याखाली पीळ आवळतो, उलट दिशेला फिरवला तर उकलतो. एखादी फेरी निभावते, मग शाफ्ट आतल्या आत फुगून नळीत अडकतो. म्हणून प्रोपेलरचा हात बदलायचा, तर शाफ्टही त्या दिशेचा हवा.

याच शाफ्टबद्दल आणखी एक गोष्ट. आवळताना तो किंचित आखूड होतो. म्हणून प्रोपेलरच्या पुढच्या, त्याला पकडून फिरवणाऱ्या ड्राइव्ह डॉग आणि आधाराच्या नळीमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट मुद्दाम ठेवलेली असते. नवा प्रोपेलर बसवताना ‘सैल राहिलंय’ म्हणून ती फट बुजवणारे मी पाहिले आहेत. मग डॉग नळीवर घासतो आणि सगळा जोर घर्षणात जातो.

भोकाचं मापही असंच फसवतं. 3/16 इंचाचा शाफ्ट म्हणजे 4.76 मिलिमीटर. 5 मिलिमीटरच्या भोकाचा प्रोपेलर त्यावर सहज सरकतो, नटही बसतो, आणि पाव मिलिमीटरचा खेळ राहून जातो. पॅकिंग घालून तो भरून काढू नका.

गैरसमज : धातूचा प्रोपेलर डब्यातून काढला की थेट लावायचा

हिरे घासणाऱ्या सुरतेत या बाबतीत सोपं उदाहरण देता येतं. 1 कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. समजा, एक पातं दुसऱ्यापेक्षा अर्धा कॅरेट, म्हणजे 0.1 ग्रॅमनं जड आहे आणि ते वजन मध्यापासून 15 मिलिमीटरवर आहे. मिनिटाला 18,000 फेरे होताना तेवढ्या वजनाचा ओढा अर्ध्या किलोहून थोडा जास्त होतो, आणि त्याची दिशा सेकंदाला 300 वेळा गरगरते. बेअरिंग, नळी, शाफ्ट, सगळं त्यात झिजतं. बोटीचा जो कर्कश आवाज आपण वेगाचा समजतो, तो पुष्कळदा हाच असतो.

उपाय जुनाच आहे. प्रोपेलर सरळ दांडीवर घट्ट बसवून ती दांडी समपातळीतल्या दोन ब्लेडच्या धारेवर ठेवायची. जड बाजू खाली येते. त्या पात्यातला धातू थोडा थोडा काढत जायचं, मात्र पाणी मागे रेटणाऱ्या बाजूचा आकार बिघडू द्यायचा नाही. प्रोपेलर कसाही थांबला तरी जिथल्या तिथे राहू लागला, की काम झालं.

इथे एक कळकळीची सूचना. ओतीव प्रोपेलर बऱ्याचदा बेरिलियम कॉपरचे असतात. बेरिलियमची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसांचा कायमचा आजार होऊ शकतो. म्हणून कोरडं घासायचं नाही. पाण्यात बुडवून, ओल्या पॉलिश पेपरनं घासायचं, चांगला मास्क लावायचा, आणि ते गाळाचं पाणी वाळू न देता पुसून घ्यायचं. मुलांच्या हाती हे काम देऊच नये. नवशिक्यासाठी चांगल्या प्लास्टिकचा, फायबर भरलेला प्रोपेलर पुरेसा आहे. तो दगडावर आपटला तर स्वतः तुटतो आणि शाफ्ट वाचवतो.

तीन पात्यांचा प्रोपेलर दोनाच्या दीडपट पळवतो, असंही ऐकू येतं. तसं काही नाही. तीन पात्यांमुळे चाल गुळगुळीत होते, वळणावर पकड येते, पण तेवढ्याच व्यासाला ओझं वाढतं. तीन पाती घ्यायची, तर व्यास उतरवावा लागतो.

गैरसमज : बोट पाण्यात ‘सुटते’, म्हणजे मोठा प्रोपेलर हवा

फेरे चढतात, आवाज होतो आणि बोट पुढे जात नाही. याला सगळेच ‘कॅव्हिटेशन’ म्हणतात. बहुतेक वेळा तिथे वरची हवा पात्यांत ओढली गेलेली असते. खरं कॅव्हिटेशन निराळं. पात्याच्या पाणी ओढणाऱ्या बाजूला दाब इतका उतरतो, की पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या नौकेची यानंच अडचण केली होती. एका शाफ्टवर टर्बाइनची सगळी ताकद टाकूनही ती हवा तसा वेग घेईना. पार्सन्स यांनी तीन शाफ्ट बसवले आणि त्यांवर लहान लहान नऊ प्रोपेलर लावले. 1897 मध्ये स्पिटहेडच्या आरमारी संचलनात तीच नौका 34 नॉट्सच्या वर पळाली. ओझं पात्यांच्या जास्त क्षेत्रावर वाटून दिल्यानं हे साधलं. आपल्या बोटीत हवा शिरत असेल, तर आधी शाफ्टची उंची आणि कोन बघा, बॅटरी थोडी पुढे-मागे सरकवून बघा. प्रोपेलर शेवटी.

टबात धरून चालवून बघणंही फारसं उपयोगाचं नाही. तिथे प्रोपेलर पूर्ण बुडालेला आणि बोट जागच्या जागी असते, म्हणून ओझं तळ्यातल्यापेक्षा वेगळंच पडतं. पाण्याबाहेर पूर्ण वेगानं चालवणं तर धोक्याचंच. थंड करणारं पाणी नळीत नसतं, शाफ्ट चाबकासारखा हलतो आणि बोटं जवळ असतात.

खरी परीक्षा तळ्यातच होते. एक मिनिट चालवा, बोट काठावर घ्या, बॅटरीची तार काढा आणि मोटर, ईएससी, बॅटरी यांना हात लावून बघा. हात ठेववत नसेल, तर प्रोपेलर मोठा आहे. शक्यतो साधा इन्फ्रारेड थर्मामीटर जवळ ठेवा. बॅटरी 60 अंशांच्या पुढे जाता कामा नये. आपल्याकडे मे महिन्यात तळ्याचं पाणीच कोमट असतं, त्यात जलपर्णीचा एखादा तंतू थंड करणारं पाणी घेणाऱ्या नळीच्या तोंडात अडकला तर ईएससीला वाचवणारं काही उरत नाही. हिवाळ्यात चाललेला प्रोपेलर उन्हाळ्यात चालेलच असं धरू नका.

त्या मुलाच्या बोटीत नवा ईएससी बसवला आणि पुन्हा 36 मिलिमीटरचा, 1.4 चा प्रोपेलर लावला. तीन मिनिटं चालवून हात लावला, सगळं कोमट होतं. म्हणून सांगतो, तुटलेला प्रोपेलर फेकून देऊ नका. उरलेल्या पात्याचं टोक ते शाफ्टचा मध्य हे अंतर व्हर्नियरनं मोजा, दुप्पट करा, भोकाचं माप घ्या, त्यावर काही आकडे असतील तर लिहून ठेवा, आणि तो तुकडा खिशात घालूनच दुकानात जा.