मुंबई शहर घडविणारी माणसे : नावाची आणि बिननावाची

प्रास्ताविक

मुंबई शहराच्या इतिहासावर मराठी, उर्दू, गुजराती आणि इंग्रजी या चारही भाषांत भरपूर लेखन झाले आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ साली प्रसिद्ध झाले. मुंबईवर मराठीत लिहिलेले ते पहिले मोठे पुस्तक होय. त्याचे लेखक मूळचे गोव्याचे होते, लहानपणी मुंबईस आले आणि येथेच शिक्षक झाले. बाहेरून आलेल्या माणसाने या शहराचे चरित्र लिहावे, ही गोष्ट मुंबईच्या घडणीला साजेशीच आहे. कारण ब्रिटिश काळात या शहरात राहणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक बाहेरूनच आलेले होते.

या बाहेरून आलेल्यांपैकी थोड्यांची नावे रस्ते, रुग्णालये आणि पुतळे यांवर राहिली. बाकीच्या लाखोंची नावे कोठेही राहिली नाहीत. ज्यांची नावे राहिली त्यांचेच कार्य मोठे होते काय? की नाव राहणे अथवा न राहणे हे त्या काळी कोणते कागद लिहिले गेले आणि कोणते जपले गेले यावर अवलंबून होते? प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकातील मुंबईची काही उदाहरणे घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे.

बेटांवरील पहिली वस्ती

१६६१ च्या विवाह-करारानुसार मुंबई बेट पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे आले आणि १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. इंग्रजांनी ओसाड बेटावर शहर वसविले, अशी एक समजूत रूढ आहे. ती बरोबर नाही. कोळी, आगरी, भंडारी यांची वस्ती येथे फार जुनी होती. माहीम येथे मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) यांच्यासारखे विद्वान फकीह होऊन गेले. त्यांचा दर्गा आजही तेथे आहे. कंपनीने येथे व्यापाराचे केंद्र आणले. परंतु त्या व्यापारासाठी लागणारी समुद्राची माहिती, होड्या आणि खलाशी किनाऱ्यावरील लोकांकडे आधीपासूनच होते.

जहाजबांधणीचे कसबही असेच बाहेरून आणावे लागले. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षे गोदीत जहाजे बांधली. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला ते मुंबईच्या गोदीतलेच होते. वाडियांचे नाव इतिहासात राहिले. त्यांच्या हाताखाली सागवान तासणारे सुतार, लोहार आणि गलबताच्या फटी बुजविणारे कारागीर मात्र नुसते ‘गोदीचे लोक’ म्हणून उरले.

चार धर्मांची एक पेढी

मुंबईच्या दानशूरांमध्ये सर जमशेटजी जीजीभाई (१७८३-१८५९) यांचे नाव प्रथम घेतले जाते. १८४५ मध्ये सुरू झालेले जे. जे. रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभे राहिले. त्याच वर्षी माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा बांध खुला झाला. त्यासाठी त्यांच्या पत्नी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले होते.

जमशेटजींच्या चीनशी चालणाऱ्या व्यापारात तीन प्रमुख भागीदार होते : जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, कोकणी मुसलमान जहाजमालक नाखुदा मोहंमद अली रोगे आणि मूळ गोव्याच्या घराण्यातील ख्रिस्ती व्यापारी रोजेरिओ द फारिया. पारशी, जैन, मुसलमान आणि ख्रिस्ती असे चौघे एका व्यवहारात एकत्र होते. आजच्या वाचकाला हे विशेष वाटेल. त्या काळच्या बंदरात मात्र भांडवल, जहाज, दलाली आणि परदेशातील ओळख ही चार अंगे जोडल्याशिवाय मोठा व्यापार होतच नसे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या व्यापारात कापसाच्या बरोबरीने माळव्याची अफू होती. ती पिकविणारा माळव्यातील शेतकरी आणि तिच्या आहारी गेलेला चीनमधील माणूस, या दोघांच्या घामातून आणि हालातून आलेल्या पैशाचा काही भाग मुंबईच्या रुग्णालयाला व बांधाला लागला. म्हणून दानाचे मोल कमी होत नाही. परंतु दानाचा इतिहास लिहिताना पैसा कोठून आला हेही लिहिणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

शिक्षणाच्या भाषेचा वाद

मान्यवरांचे कार्य केवळ दानापुरते नव्हते. १८४० साली मुंबई इलाख्यात बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. त्याच्या भारतीय सभासदांत जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मोहंमद इब्राहिम मकबा हे होते. मकबा हे कोकणी मुसलमान समाजातील विद्वान मुन्शी होते आणि हिंदुस्थानी भाषा शिकविण्यासाठी त्यांनी पुस्तके रचली होती. १८४७-४८ मध्ये बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा आग्रह धरला. त्याला या तिन्ही भारतीय सभासदांनी आणि कर्नल जर्व्हिस यांनी विरोध केला. सामान्य माणसापर्यंत विद्या न्यायची तर ती त्याच्या भाषेतून गेली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. शंकरशेट यांचे नाव आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर एकाच बाजूने उभे राहिलेल्या मकबांचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतो. मान्यवरांमध्येही विस्मरण कसे होते याचे हे उदाहरण आहे.

पुढच्या पिढीतील बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४-१९०६) यांचे स्मरण अधिक टिकले. १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत त्यांचा व त्यांचे बंधू कमरुद्दीन यांचा पुढाकार होता. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला तेव्हा त्यांना जामीन देणारे न्यायमूर्ती तय्यबजीच होते.

घाट फोडणारे हात

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर होते. खरी कसोटी मात्र बोरघाटात होती. घाट चढविल्याशिवाय दख्खनचा कापूस रेल्वेने बंदरापर्यंत येणार नव्हता. १८५६ मध्ये सुरू झालेले हे काम १८६३ मध्ये पूर्ण झाले आणि त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ च्या सुमारास तेथे एकाच वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. स्त्रिया आणि मुलेही माती-दगड वाहत. कॉलरा, ताप, दरडी आणि सुरुंग यांनी हजारोंचे बळी घेतले.

जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला. त्यानंतर पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा येथे आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःकडे घेऊन व्यवस्थापकांच्या मदतीने काम तडीस नेले. ॲलिसचे नाव कंत्राटाच्या कागदावर असल्याने आपल्याला ठाऊक आहे. तिच्या कामावर मेलेल्या मजुरांचे नाव हजेरीपटापलीकडे कोणी लिहिले नाही.

शहरातील बांधकामाचीही हीच कथा आहे. निजामाच्या मुलखातून आलेले तेलुगूभाषक कामाठी गवंडीकाम व बांधकामावरील मजुरी करीत. त्यांच्या वस्तीला कामाठीपुरा म्हणू लागले. पुढे त्या वस्तीची ओळख पार बदलली, परंतु नाव राहिले. कुंभारवाडा, धोबी तलाव, चिरा बाजार ही नावेही अशीच आहेत. ज्या लोकांचा नामफलक कोणी लावला नाही त्यांच्या धंद्याची नोंद वस्तीच्या नावाने जपली.

जनगणनेचे आकडे काय सांगतात?

सामान्य माणूस सरकारी कागदात प्रथम दिसतो तो आकड्याच्या रूपाने. १८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ झाली. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी झाली! याचे कारण असे की, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात येथील कापसाला सोन्याचा भाव आला. भरावाची व बांधकामाची कामे जोरात निघाली आणि मजुरांची रीघ लागली. १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला. सटोडियांच्या दिवाळखोरीच्या कथा पुस्तकांत आल्या. ज्यांचे काम सुटले ते मजूर आपापल्या गावी परतले, आणि त्यांच्या परतण्याची नोंद फक्त या दोन आकड्यांमधील फरकात राहिली.

बंदरावरील खलाशांचेही असेच होते. रत्नागिरी किनाऱ्यावरील मुसलमान दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर खलाशी, टंडेल आणि सारंग म्हणून काम करीत. गोव्याच्या खलाशांनी व आचाऱ्यांनी धोबी तलावाच्या आसपास गावागावांचे ‘कूड’ स्थापले. बोट मिळेपर्यंत थोड्या पैशांत तेथे राहता येई. कोकणातील आणि गोव्यातील कित्येक घरे मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालली.

गिरणी आणि रविवारची सुट्टी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती गिरणी सुरू झाली. मालकांचा इतिहास तेथून सुरू होतो. कामगारांचा लेखी इतिहास सुरू व्हायला त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे लागली. नारायण मेघाजी लोखंडे (१८४८-१८९७) यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये सभा घेऊन कामगारांचा अर्ज तयार केला. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार अशा त्यातील मागण्या होत्या आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सही अथवा निशाणी केली होती. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तेथे दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या दोघी उभ्या राहून बोलल्या हे कळते. त्या कोणत्या गावच्या, कोणाच्या कोण, हे कळत नाही.

प्लेगचे दिवस

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉक्टर अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी प्रथम ओळखला. त्यांचा पुतळा धोबी तलावाजवळ उभा आहे. जानेवारी १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी येथेच तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. या दोघांची कीर्ती योग्यच आहे.

परंतु त्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे शहर गाव सोडून पळाले असताना मैला व कचरा उचलण्याचे काम कोण करीत होते? नगरपालिकेच्या दप्तरात त्यांना ‘हलालखोर’ म्हटले आहे. या शब्दाचा अर्थ हलाल कमाई खाणारा असा आहे, आणि समाजाने मात्र त्यांना सर्वांत खालच्या पायरीवर ठेवले. हे लोकही निघून गेले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, या भीतीने त्या वेळचे आयुक्त स्नो चिंतित होते आणि त्यांच्या अहवालात ती चिंता नोंदलेली आहे. एरवी ज्यांच्याकडे कोणी पाहिले नाही त्यांच्यावर शहर किती अवलंबून होते हे संकटाने दाखवून दिले.

याच साथीत आणखी एका समूहाची नोंद झाली. उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर मदनपुरा भागात हातमागावर काम करीत. घरोघर शिरून रोगी शोधणे आणि त्यांना सक्तीने रुग्णालयात नेणे याविषयी लोकांत मोठा रोष होता. ९ मार्च १८९८ रोजी एका विणकराच्या घरातील आजारी मुलीला नेण्यावरून तंटा झाला आणि दंगा शहरभर पसरला. सरकारी कागदात हे लोक ‘दंगेखोर’ म्हणून आले. घरातील आजारी मुलगी परक्यांच्या हाती देण्यास नकार देणारे कुटुंब, हे त्यांचे दुसरे रूप त्याच कागदाच्या ओळींमधून आपल्याला वाचावे लागते. १८९१ मधील ८,२१,७६४ ही लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. प्लेगच्या काळातील मृत्यू आणि स्थलांतर या उताऱ्यामागे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, दाता, वकील, डॉक्टर यांचे नाव राहते, कारण दानपत्र, निकालपत्र आणि सभांचे वृत्तान्त त्यांच्या नावाने लिहिले जातात. दुसरी, मजूर, खलाशी, सफाई कामगार हे कागदात येतात ते अर्ज, दंगा, साथ अथवा जनगणना या निमित्ताने, आणि बहुधा समूह म्हणून. तिसरी, या दोघांचे कार्य वेगळे काढता येत नाही. रोग्याचे निदान डॉक्टरने केले, परंतु शहर राहते ठेवले ते हलालखोरांनी.

म्हणून शहराचा इतिहास लिहिताना नामफलकांबरोबर हजेरीपट, जकातीच्या वह्या, मशिदी व देवळांचे हिशेब, काझींच्या निकाहाच्या नोंदी, कूडांची सभासद-पुस्तके हीही साधने मानली पाहिजेत. बेळगाव, मडगाव, बडोदे, हैदराबाद येथील जुन्या घरांत मुंबईहून आलेली पत्रे आणि मनिऑर्डरीच्या पावत्या अजून ट्रंकांत पडून असतील. त्यांवर माणसाचे नाव, गाव आणि तारीख असते. विद्यार्थ्यांनी आपल्या घरापासून आरंभ करून अशा कागदांची यादी केली, वडीलधाऱ्यांना विचारून त्यातील माणसे ओळखून घेतली, तर बिननावाच्या काही माणसांना त्यांची नावे परत मिळतील. हे काम लवकर व्हावयास हवे, कारण कागद वाळवीच्या तोंडी जात आहेत आणि ते वाचून दाखविणारी पिढीही मागे सरत आहे.